हॅरी शीझेल: हाफ-बॅक, मिडफिल्ड की फॉरवर्ड?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल लीगमध्ये क्लब तरुण खेळाडूंना क्रमाने निवडतात त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०२२च्या ड्राफ्टमध्ये नॉर्थ मेलबर्न क्लबने हॅरी शीझेलला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा त्याची ओळख गोलांजवळ घोटाळणारा, चेंडूचा वास लागणारा फॉरवर्ड अशी होती. सँडरिंगहॅम ड्रॅगन्स या ज्युनियर संघाकडून खेळताना त्याने ती कमावली होती. मार्च २०२३मध्ये तो पहिला एएफएल सामना खेळला तो मात्र हाफ-बॅकला, म्हणजे बचावाच्या फळीत, आणि वेस्ट कोस्टविरुद्ध ३४ वेळा चेंडू त्याच्या हातापायातून गेला. वर्ष संपता संपता लीगमधल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा रायझिंग स्टार पुरस्कार त्याचा झाला आणि क्लबचं सर्वोत्तम खेळाडूचं सिड बार्कर मेडलही. २०२४मध्ये त्याला मिडफिल्डमध्ये आणलं, आणि तेव्हापासून नॉर्थच्या चाहत्यांत वाद पेटलाय. जिथे तो चमकला तिथून त्याला हलवलंच कशाला?

आमचं मत आधीच सांगतो. शीझेल सर्वांत देखणा दिसतो तो हाफ-बॅकला, पण संघाला त्याचा सर्वाधिक उपयोग होतो मिडफिल्डमध्ये. सोबत थोडा वेळ पुढे. हे पटवून घ्यायचं तर चेंडू त्याला किती वेळा मिळाला हे मोजणं सोडावं लागेल. तो कुठे मिळाला आणि पुढच्या दोन खेळाडूंकडे गेल्यावर त्याचं काय झालं, हे बघावं लागेल.

हाफ-बॅक

ही जागा त्याला इतकी का मानवली, याची कारणं खेळाच्या नियमांतच आहेत. प्रतिस्पर्ध्याने बिहाइंड मारला, म्हणजे एकच गुण मिळवला, की बचाव करणारा संघ गोलस्क्वेअरमधून, म्हणजे गोलासमोरच्या छोट्या चौकोनातून, चेंडू पुन्हा खेळात आणतो. २०१९पासून तिथून थेट पळत निघायला मुभा आहे. आधी स्वतःच्याच पायावर चेंडू टेकवून घ्यावा लागे. ज्याचा पाय भरवशाचा त्याच्याकडे हे काम जातं, आणि शीझेलचा पाय भरवशाचा आहे. त्यात १५ मीटर गेलेली किक झेलली की मार्क मिळतो आणि अंगावर कुणी येऊ शकत नाही. मागच्या फळीत एकमेकांना अशा छोट्या किक देत मोकळी वाट शोधणं हा आजच्या खेळाचा मोठा भाग आहे. शीझेल घाई करत नाही, डोकं वर ठेवतो, आणि समोरचा एक पाऊल चुकला की आतल्या बाजूने, मैदानाच्या मधल्या पट्ट्यातून चेंडू काढतो. ही कला शिकवून येत नाही.

पण २०२३चे त्याचे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका. त्या वर्षी नॉर्थने फक्त ३ सामने जिंकले. हरणाऱ्या संघाच्या बचावात चेंडू सतत येतो, प्रतिस्पर्धी बिहाइंड जास्त मारतात, आणि तिथून चेंडू बाहेर काढणाऱ्याच्या खात्यात किका जमत जातात. त्यातल्या कित्येक किका संघाला जेमतेम २० मीटर पुढे नेणाऱ्या असतात. खेळाडू यात वाईट ठरत नाही. आकडा मात्र फुगतो.

दुसरी अडचण बचावाचीच. हाफ-बॅकला कुणावर तरी पहाराही ठेवावा लागतो. १८५ सेंटीमीटर उंचीच्या शीझेलला हवेतल्या चेंडूसाठी उंच फॉरवर्डशी झुंजायला लावणं चुकीचं, म्हणून त्याला ठेंगणा, चपळ फॉरवर्ड दिला जातो. चाणाक्ष प्रशिक्षक इथेच डाव टाकतात. पहिल्या पावलाला खूप वेगवान असलेला फॉरवर्ड त्याच्या वाट्याला देतात, त्याला गोलाकडे ओढत नेतात आणि चेंडू जमिनीवर पाडतात. शीझेल तिथे वाईट नाही, पण ती त्याची ताकदही नाही. शिवाय हाफ-बॅकची चुकलेली किक सर्वांत महाग पडते. चेंडू निसटतो त्या क्षणी सगळे सहकारी हल्ल्यासाठी पसरलेले असतात आणि गोलासमोर मोकळं रान असतं.

तरीही या जागेच्या समर्थकांकडे दमदार दाखला आहे, आणि तो नॉर्थच्या प्रशिक्षकाच्याच कारकिर्दीतला. अॅलिस्टर क्लार्कसनने हॉथॉर्नला २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी चार विजेतेपदं मिळवून दिली. त्यातल्या २००८च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, ल्यूक हॉजने मागून खेळ चालवत त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल जिंकलं होतं. चांगल्या संघाचा मेंदू मागच्या फळीत असू शकतो, हे क्लार्कसनइतकं कुणाला ठाऊक असणार? फरक एवढाच की हॉजच्या पुढे सॅम मिचेलसारखे मिडफिल्डर आणि लान्स फ्रँकलिनसारखा फॉरवर्ड होता. मागून आलेली उत्तम किक पुढे वाया जात नव्हती.

मिडफिल्ड

निकाल इथेच लागतो, म्हणून इथे जरा थांबू.

चारपैकी प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर खेळ मैदानाच्या मध्यातून सुरू होतो. दोन्ही संघांनी मिळून २५ गोल केले, तर मधली ही झटापट साधारण २९ वेळा होते. २०१९च्या ६-६-६ नियमामुळे त्या क्षणी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू पुढच्या ५० मीटरच्या कमानीत, सहा मागच्या कमानीत आणि सहा मध्ये बांधलेले असतात. मधल्या सहांपैकी दोघे विंगवर. म्हणजे मैदानाच्या मधल्या चौकोनात एक रक, म्हणजे उंच चेंडूसाठी झुंजून तो सहकाऱ्यांकडे ढकलणारा, आणि तीन मिडफिल्डर. नॉर्थचा रक ट्रिस्टन झेरी. शीझेल उतरतो तो त्याच्या भोवतीच्या तीन जागांपैकी एकीवर. इथून स्वच्छ सुटलेला चेंडू सर्वांत मौल्यवान, कारण पुढे सहाला सहाच असतात, जादा बचावपटू अजून मागे पोहोचलेला नसतो.

त्या तिघांत सगळे एकाच जातीचे चालत नाहीत. जॉर्ज वॉर्डलॉ हा त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर, शीझेलच्या पाठोपाठ घेतलेला. तो ढिगाऱ्यात शिरून चेंडू खणून काढणारा. ल्यूक डेव्हिस-युनियॅक ताकद आणि धडाका दोन्ही असलेला. शीझेल तिसऱ्या जातीचा. तो ढिगाऱ्याच्या कडेला, बरोबर त्या कोनात उभा राहतो जिथे कसाबसा सुटलेला हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, येणार असतो. चेंडू हातात येताच त्याने पुढचा सहकारी बघितलेला असतो. या दुसऱ्या हाताची किंमत मोठी आहे. खणून काढणारा दबावाखाली चेंडू आंधळेपणाने पुढे टोलवतो, आणि समोरच्यांचा बचावपटू तो आरामात झेलतो. शीझेलमधून चेंडू गेला तर निक लार्कीच्या छातीकडे किक जाण्याची शक्यता वाढते. लार्कीने २०२३मध्ये, तीनच विजयांच्या त्या वर्षीही, ७१ गोल केले होते. अशा फॉरवर्डला चेंडू नेमका पोहोचवणारा माणूस शक्य तितका त्याच्या जवळ हवा. ८० मीटर मागे ठेवून काय साधणार?

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. वॉर्डलॉ दुखापतींमुळे बऱ्याच सामन्यांना मुकला आहे. तो नसला की खणण्याचं काम शीझेलवर येतं. पाठीवर टॅकलर, म्हणजे धरून अडवणारा, हातात चेंडू, हँडबॉलला वाट नाही. मग एकतर होल्डिंग द बॉलची, म्हणजे चेंडू वेळेत न सोडल्याची, फ्री किक समोरच्यांना मिळते किंवा घाईत उंच किक सुटते. अशा दिवशी त्याच्या नावावर ३० वेळा चेंडू दिसेल, पण त्यातून समोरच्यांचं काहीच बिघडलेलं नसेल. त्याच्या टीकाकारांनी पाहिलेले सामने बहुधा असेच असतात, आणि त्यांचा राग खरा आहे. पण तो राग जागेवर निघतो. दोष तिघांच्या जुळणीत असतो.

दुसरं, उलट धाव. चेंडू समोरच्यांनी जिंकला की मिडफिल्डरला मान खाली घालून आपल्या गोलाकडे पळावं लागतं. तिघेही चेंडूच्या पुढच्या बाजूला उभे असतील, तर प्रतिस्पर्धी पाठीमागच्या दाराने निघून जातो. हाफ-बॅकला घडलेल्या खेळाडूला हा धोका आधी दिसतो. पण दिसणं आणि तिथवर पोहोचणं यांत ६० मीटरची धाव आहे, आणि ती एका सामन्यात तीसेक वेळा करायची असते.

निक डेकॉसचा दाखला इथे सगळे देतात, तो रास्तच आहे. कॉलिंगवुडने २०२२मध्ये त्याला हाफ-बॅकला खेळवलं, त्यानेही रायझिंग स्टार जिंकला, मग मिडफिल्डमधला वेळ वाढवला आणि २०२३मध्ये संघ विजेता झाला. मात्र त्याच वर्षी हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसने त्याला चिकटून राहून अख्ख्या सामन्यात फक्त ५ वेळा चेंडू खेळू दिला. डेकॉसच्या गुडघ्याला त्या सामन्यात दुखापत झाली होती, हेही लक्षात घ्या. शीझेलमागेही असा पहारेकरी लागणारच. मिडफिल्डमध्ये त्यावर उपाय असतो: सहकारी आडवा उभा राहून वाट मोकळी करून देतो, किंवा प्रशिक्षक त्याला दहा मिनिटं पुढे पाठवतो आणि पहारेकऱ्याला गोलासमोर नेऊन अडचणीत टाकतो.

फॉरवर्ड

ज्युनियर वयातली त्याची मूळ जागा, तरी पूर्ण वेळासाठी आम्ही ती लगेच बाजूला ठेवतो. दुबळ्या संघात हाफ-फॉरवर्डकडे चेंडूच येत नाही. कायम तिथे ठेवणं म्हणजे संघातला सर्वांत स्वच्छ पाय प्रेक्षक करून ठेवणं. सिडनीचा आयझॅक हीनी कितीतरी वर्षं मुख्यतः पुढे खेळला, आणि २०२४मध्ये मिडफिल्डमध्ये आल्यावर त्याची खरी उंची सगळ्यांना दिसली.

तुकड्या-तुकड्यांनी मात्र शीझेलला पुढे न्यायलाच हवं, मैदानावरच्या वेळेच्या पाव हिश्शापर्यंत. संघाला रोटेशन, म्हणजे बाकावरच्या खेळाडूशी अदलाबदली, मोजून मिळतात; बाकावर न बसवता पुढे पाठवलं की एक रोटेशन वाचतं, पायांना थोडी उसंत मिळते, आणि गोलाची नजर जिवंत राहते.

मैदानावर काय बघाल

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे हा वाद टीव्हीवर सुटत नाही. मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर, गोलामागे जागा घ्या. एक क्वार्टर फक्त शीझेलकडे बघा. मध्यातून खेळ सुरू होताना तो चौकोनात आहे का, असेल तर त्याच्या सोबतचे दोघे कोण, हे टिपून ठेवा. चेंडू मिळण्याआधी त्याने मान वळवून मागे बघितलं का? त्याच्या किकनंतर पुढचा चेंडू कुणाच्या ताब्यात गेला? संघाने चेंडू गमावल्यावर त्याची पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडली? एवढी चार उत्तरं लिहून काढलीत तरी आकड्यांच्या पानापेक्षा जास्त हाती लागेल.

फँटसी संघासाठी

इथे हिशेब वेगळा, आणि क्लबच्या हिताशी त्याची गल्लत करू नये. एएफएल फँटसीत, म्हणजे खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण देणाऱ्या खेळात, किकला ३, मार्कला ३, हँडबॉलला २, टॅकलला ४ आणि गोलला ६ गुण. हाफ-बॅकच्या नमुन्याचा एक दिवस धरा: १८ किका, १२ हँडबॉल, ७ मार्क, २ टॅकल, मिळून १०७. मिडफिल्डच्या नमुन्याचा दिवस: १४ किका, १५ हँडबॉल, ३ मार्क, ५ टॅकल आणि १ गोल, मिळून पुन्हा १०७. थोडक्यात, मागे मार्क मिळवून देतात, मध्ये टॅकल. पण मिडफिल्डचा गोल दर आठवड्याला होत नाही आणि मागचे सोपे मार्क बहुतेक आठवड्यांत मिळतात, म्हणून सातत्य हाफ-बॅकला जास्त.

त्याच्या नावापुढे बचावपटूचा शिक्का असेल तर डोळे मिटून घ्या. बचावाच्या रांगेत एवढे गुण काढणारे थोडेच असतात. फक्त मिडफिल्डरचा शिक्का असेल तर किंमत बघा, कारण त्या रांगेत १०५च्या आसपासचे बरेच सापडतात. आणि सामन्याआधी नॉर्थची यादी बघूनच तुमच्या फँटसी संघाचा कर्णधार ठरवा. वॉर्डलॉ बाहेर असेल तर शीझेलला कर्णधार करू नका.

मग नक्की काय?

वॉर्डलॉ आणि डेव्हिस-युनियॅक दोघे तंदुरुस्त असतील, तर शीझेल तिसरा मिडफिल्डर, पाव वेळ पुढे. यात आम्हाला शंका नाही. दोघांपैकी एक नसेल तरी त्याला मध्येच ठेवावं, फक्त शेजारी ल्यूक पार्करसारखा अंगावर घेणारा द्यावा. दोघेही नसतील त्या आठवड्यात मागे न्यायला हरकत नाही.

हाफ-बॅक रिकामी पडेल ही भीती २०२३मध्ये खरी होती. त्यानंतर नॉर्थने त्याच कामासाठी माणसं जमवली आहेत. २०२३च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा कोल्बी मकर्चर मागून पळत चेंडू काढतो, २०२४च्या शेवटी वेस्टर्न बुलडॉग्जकडून आलेला केलेब डॅनियल छोट्या किकांचा उस्ताद आहे, आणि २०२४च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा फिन ओसलिव्हनही तिथे खेळू शकतो. शीझेल ऑक्टोबर २००४चा. मिडफिल्डची धावपळ अंगात मुरवायची वर्षं हीच. मागची जागा कुठे जात नाही: ब्रिस्बेनचा डेन झॉर्को कारकिर्दीचा बहुतेक काळ मध्ये आणि पुढे खेळून मग मागे गेला, आणि ३५व्या वर्षी, २०२४मध्ये, हाफ-बॅकवरूनच ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, आला.