सिंकइव्होल्यूशनमधलं ऑनलाइन अकाउंट लॉगिन: लिनक्स डेस्कटॉप असेल तर डोळे झाकून वापरा

आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे, दादर-पार्ल्याकडची मंडळी, आणि तारखा सतत हलतात. आज शिवाजी मंदिरची तारीख पक्की म्हणून सांगतात आणि रात्री कळतं की दीनानाथ मिळालंय! सगळं गूगल कॅलेंडरवर शेअर्ड आहे पण मला ते लॅपटॉपवर इव्होल्यूशनमधे (लिनक्सवरचा मेल-कॅलेंडरचा प्रोग्राम) ऑफलाइन हवं असतं, कारण लाइटच्या बूथमधे नेटच्या नावाने बोंब. तर हे सिंकइव्होल्यूशन, फुकट आणि ओपन सोर्स, दोन्हीकडची कॅलेंडरं जुळवतं.

खरी मजा लॉगिनची. गूगलने 2013 साली कॅलडॅव्हसाठी (कॅलेंडरं नेटवरून जुळवायची ठरलेली पद्धत) ओऑथ आणलं, म्हणजे अ‍ॅपला पासवर्ड द्यायचा नाही, टोकन द्यायचं, म्हणजे पाहिजे तेव्हा रद्द करता येणारी डिजिटल किल्ली. मग सिंकइव्होल्यूशनवाल्यांनी लॉगिनची कटकट स्वतःकडे न ठेवता सरळ ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या ऑनलाइन अकाउंट्सवर सोपवली, आणि माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय. सेटिंग्जमधे जाऊन गूगल अकाउंट एकदा जोडायचं, लॉगिन गूगलच्याच पानावर होतं त्यामुळे टू-स्टेप असलं तरी अडत नाही, आणि मग सिंकइव्होल्यूशनच्या कॉन्फिगमधे युजरनेमच्या जागी गोआ (goa, ग्नोम ऑनलाइन अकाउंट्सचं लघुरूप), कोलन आणि आपला ईमेल एवढंच लिहायचं, बस. पासवर्ड कुठल्या टेक्स्ट फाइलमधे पडून राहत नाही, टोकन कीरिंगमधे, म्हणजे डेस्कटॉपच्या कुलूपबंद तिजोरीत असतं. लॅपटॉप चोरीला गेला तर दुसरीकडून गूगल अकाउंटमधे जाऊन परवानगी काढून टाकायची की झालं.

आता कुरकुर. हे सगळं कमांड लाइनवर, आणि मॅन्युअल वाचताना पहिल्या पानावरच झोप येते, आमच्या ग्रुपमधल्या कोणाला हे स्वतः कर म्हणून मी सांगणार नाही, मीच बसून करून देईन. ऑटो-लॉगिन ठेवलं असेल तर कीरिंग बंदच राहतं आणि वर पासवर्ड विचारतं, तेव्हा ते ऑटो-लॉगिन काढून टाका.

एक फीचर मात्र लोक बघतच नाहीत, सिंक करायच्या आधी आणि नंतर ते डेटाची कॉपी ठेवतं. कोणी चुकून तालमींच्या तारखा उडवल्या आणि तेच इकडेही सिंक झालं तरी रिस्टोअर मारता येतं. रिस्टोअरसाठी ड्राय रन म्हणजे रंगीत तालीमही आहे, पहिल्यांदा तोच करा, काय बदलणार ते आधी दिसतं.

घरी कोपऱ्यात स्क्रीनशिवाय रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नका, ऑनलाइन अकाउंट्सला डेस्कटॉपचं सेशन लागतं. तिथे व्हीडरसिंकर (vdirsyncer, असंच कॅलेंडर जुळवणारं दुसरं टूल) बरं, फक्त क्लायंट आयडी, म्हणजे गूगलकडची अ‍ॅपची ओळख, गूगलच्या डेव्हलपर कन्सोलमधे आपला आपण बनवावा लागतो आणि तो टेस्टिंग मोडमधेच ठेवलात तर टोकन 7 दिवसांत संपतं, मग परत लॉगिन करत बसा.