विजापूरची खानावळ : आठ महिने, सहा जेवणं आणि दह्याची वाटी

परवा सहाव्यांदा जेवून आलो आणि बिलात पुन्हा दह्याचे पंधरा रुपये लागले, म्हणून लिहायला बसलो.

ऑगस्टमध्ये मुलीच्या ॲडमिशनला पुण्याहून विजापूरला गेलो होतो. (२०१४ पासून गावाचं नाव विजयपूर आहे, पण आमच्या तोंडी विजापूरच.) सोबत सासूबाई. माळकरी आहेत, अंडं शिजतं तिथं पाणीसुद्धा पीत नाहीत. टाकळीला भीमा ओलांडली की पाट्या कानडीत सुरू होतात आणि आमची अक्षरओळख संपते. मोबाइलवर हेरून ठेवलेल्या हॉटेलचं शटर खाली होतं. भर पावसात एका बोळात गाडी वळवत होतो, तर कुठूनतरी भाकरी थापल्याचा आवाज आला. सासूबाई उतरल्या, दारातून डोकावल्या, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो दिसला. "लिंगायतांची खानावळ आहे, म्हणजे शाकाहारीच. बिनघोर बसा," म्हणाल्या.

खडक (म्हणजे कडक) रोट्टी की मऊ, एवढंच विचारतात. मेनूकार्ड नाही. ताटात भरलं वांगं, म्हणजे त्यांचं एण्णेगायी, मोड आलेल्या मुगाची पल्ल्या (म्हणजे भाजी), अंबाडीची पुंडी पल्ल्या, कोपऱ्यात लाल मिरचीचा रंजका, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, आणि चक्क कच्ची मेथी, कांदा, काकडी. मेथी अशी चरायची असते हे मला पन्नाशीत कळलं. वांग्यात दाण्याचा कूट, कारळं आणि वर बोटभर तेल. ज्वारीची भाकरी इतकी पातळ की हाताची बोटं दिसावीत.

आणि दही. घट्ट, गोडसर, भली मोठी वाटी. मागितलं की पुन्हा. ताट नव्वद रुपये.

ऑक्टोबरात गेलो तर वाटी लहान. डोळ्यांचा भास असेल म्हणून सोडून दिलं. डिसेंबरात बाटलीच्या झाकणानं मोजलं (बायको दुसरीकडे बघत होती): सात झाकणं. जास्तीच्या वाटीचे पंधरा रुपये वेगळे. ताट तेव्हा शंभरला गेलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. भाव सगळीकडेच वाढलेत. पण भाकरी हवी तेवढी वाढायची आणि दह्याला मीटर लावायचा, हा कुठला हिशोब? तिखट रंजका आधी वाढायचा आणि मग दही विकायचं! त्या रात्री मी दोन तारे देऊन मोकळा होणार होतो.

फेब्रुवारीत सासूबाई पुन्हा आल्या आणि माझं मत फिरलं. निदान अर्धं. त्या अक्कलकोटच्या, कानडी घरच्यासारखं बोलतात. चालवणाऱ्या अक्कांशी भावाबहिणीच्या चौकशीपर्यंत गप्पा गेल्या. मोठ्या वाट्यांपैकी निम्म्या मुलांनी बाहेर नेऊन हरवल्या, म्हणून या वाट्या आणल्या, असं कळलं. जेवताना सासूबाईंपुढे दह्याच्या दोन वाट्या आल्या. बिलात त्या नव्हत्या. माझी होती.

बाकी थोडक्यात. दुपारी अडीचनंतर गेलात तर वांगं संपलेलं असतं. हात धुवायच्या बेसिनचा नळ ऑगस्टपासून गळतोय. चटणी पार्सल घेणार असाल तर डबा घेऊन जा, पिशवी सोलापूरच्या आत फुटते, सीटचा वास अजून गेलेला नाही. खडक रोट्टी मात्र हॉस्टेलवर महिनाभर टिकली.

परवा एकटाच गेलो होतो. मुलीकडून वाक्य पाठ करून घेतलं होतं. वाटी पुढे करून म्हणालो, "अक्का, स्वल्प मोसरु कोड्री." (थोडं दही द्या.) अक्का खळखळून हसल्या, आत जाऊन दोघींना माझं वाक्य ऐकवलं, त्याही हसल्या. वाटी काठोकाठ भरून आली. "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) असं जाताना आपुलकीनं विचारलंही.

बिल एकशे पंधरा.