रिपोर्टातलं पार्श्वसंगीत

"काही प्रसंगांत पार्श्वसंगीत संवादांवर मात करते, तिथे त्याची पातळी कमी करावी." हे वाक्य मला तोंडपाठ आहे. आमच्या शॉर्ट फिल्मवरच्या ज्या रिपोर्टात ते होतं, त्याचे आम्ही एका "मेंटॉर"ला 5,310 रुपये मोजले होते. 4,500 फी आणि वर 18 टक्के जीएसटीचे 810. आमच्या फिल्ममध्ये पार्श्वसंगीत नाहीच. जात्याची घरघर आहे, कोंबड्या आहेत आणि लांबून जाणाऱ्या गाडीचा भोंगा आहे. बाकी काही नाही.

हे सगळं लिहायला लाज वाटते, पण शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टं संपवून आत्ता कितीतरी पोरं "कोणीतरी इंडस्ट्रीतल्या माणसानं एकदा बघावं" म्हणून धडपडत असतील. त्यांच्यासाठी लिहितेय.

मी जळगावला मास कम्युनिकेशन शिकले. आम्ही चौघांनी मिळून 14 मिनिटांची फिल्म केली, अहिराणीत. अमळनेरजवळच्या आमच्या गावात एक म्हातारी कानबाईच्या रोटासाठी गहू दळतेय आणि उधन्याला कामाला गेलेल्या पोरांची वाट बघतेय, एवढीच गोष्ट. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, कानबाई ही आमची देवी, ती श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी तिचं विसर्जन. रोट म्हणजे तिचा नैवेद्य, तो सगळ्या भाऊबंदकीनं एकत्र बसून खायचा असतो. त्यामुळे सुरत-उधन्याकडून येणाऱ्या गाड्यांना त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. म्हातारीचं काम माझ्या आजीनंच केलं. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या दादाचा. श्रावणात लग्नं नसतात, म्हणून फुकट मिळाला. तरी खर्च 31,000 वर गेला.

कॉलेजात सरांनी बघितली. "छान झालीय, मार्क मिळतील," म्हणाले. मिळाले. पण आम्हाला मार्कांच्या पुढचं काहीतरी ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर मुंबईच्या कोणीतरी "वा" म्हणावं, एवढंच हवं होतं. त्याला आम्ही "प्रोफेशनल फीडबॅक" म्हणत होतो.

आम्ही एक मिनिटाचा टीझर इन्स्टाग्रामवर टाकला आणि दोन दिवसांत त्या माणसाचा मेसेज आला. स्वतःला "फिल्म मेंटॉर" म्हणवायचा. प्रोफाइलवर नावाजलेल्या नटांसोबतचे फोटो, कुठल्याशा स्टेजवर माईक धरलेला व्हिडिओ. त्यानं आधी स्तुती केलीच नाही. "पहिला शॉट चार सेकंद लांबलाय, पण आजींचे हात फार बोलतात," असं लिहिलं. इथंच आम्ही विकले गेलो. लांबलेला शॉट आणि आजीचे हात, दोन्ही टीझरमध्ये होते. पुढे त्याच्याशी सहा महिने बोलणं चाललं, त्यात फिल्मबद्दलची जी एकदोन नेमकी वाक्यं तो बोलला, ती सगळी त्या एका मिनिटातली. हे फार उशिरा लक्षात आलं.

पहिला फोन फुकट. वीस मिनिटं. "तुझ्यात स्पार्क आहे बेटा" वगैरे. मग फी. सात दिवसांत रिपोर्ट देतो म्हणाला, बारा दिवसांनी तीन पानांची पीडीएफ आली. दुसऱ्या पानावर ते पार्श्वसंगीत. त्याच्या खाली "वडिलांच्या पात्राला अधिक वाव देता आला असता". फिल्ममध्ये वडील नाहीत, भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. शेवटी, "वऱ्हाडी बोलीचा गोडवा मनाला भिडतो". वऱ्हाडी! अमळनेरच्या माणसाला अहिराणीचं वऱ्हाडी म्हटलेलं कसं लागतं, ते आपल्याकडचेच समजू शकतील.

आता वाटेल, तिथंच कळायला हवं होतं. पण आम्ही चौघांनी रात्री बसून त्या माणसाचं वकीलपत्र घेतलं. कॅमेरावाला म्हणाला, "अगं, जात्याच्या घरघरीलाच ते म्युझिक म्हणत असतील, मोठ्या लोकांची भाषा असते." मी म्हटलं, आजोबांच्या फोटोलाच ते पात्र मानत असतील, किती खोल बघितलंय. एकटा साउंडवाला गप्प होता. त्याला आम्ही निगेटिव्ह ठरवलं. फिल्म यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल अशी टाकून लिंक फक्त मेंटॉरला पाठवली होती. रिपोर्ट आल्यावर व्ह्यूज होते चार. आम्ही चौघं होतो.

एकदा माणसावर पैसे घातले की तो खरा निघावा अशी आपलीच इच्छा असते. दुसरे पैसे पहिल्या पैशांमागेच गेले. "रिपोर्टनुसार थोडी सुधारणा करा, फिल्म फेस्टिव्हलच्या लायकीची आहे," म्हणत त्यानं 15,000 चं पॅकेज काढलं. पाच फेस्टिव्हल, किमान दोनांत सिलेक्शनची गॅरंटी. आम्ही 9,000 दोन हप्त्यांत दिले. त्यातले माझ्या वाट्याचे आईच्या भिशीतले होते. तिनं "लग्नाला ठेवले होते, तूच घे" असं हसत म्हटलं होतं. पॅकेजसाठी त्यानं मास्टर फाईल मागितली, ती आम्ही वॉटरमार्क न टाकता गुगल ड्राइव्हवर चढवून दिली. पैशांपेक्षा अजून झोप उडते ती त्या फाईलमुळे.

सिलेक्शनची गॅरंटी कुणालाच देता येत नाही, कारण सिलेक्शन करणारा वेगळा असतो. हे आता कुणालाही सांगते. खऱ्या फेस्टिव्हलचं सगळं उघड्यावर असतं. माहितीपट, शॉर्ट आणि अॅनिमेशन फिल्मांसाठीचा मुंबईचा मिफ घ्या. 1990 पासून दर दोन वर्षांनी भरतो, तारखा आणि जागा जाहीर असतात, मागच्या वर्षांच्या फिल्मांच्या याद्या कुणीही बघू शकतो. त्याच्या पॅकेजमधून आम्हाला जिथं "बेस्ट डेब्यू डायरेक्टर" मिळालं, त्या "इंटरनॅशनल" फेस्टिव्हलला थिएटरच नव्हतं. गाव नव्हतं. दर महिन्याला निकाल लागायचा आणि बक्षिसांचे प्रकार मी मोजायला बसले, तर साठाच्या पुढे गेले. त्या महिन्यात कोण हरलं असेल, असाच प्रश्न पडतो.

पण तेव्हा आम्ही स्टेटस ठेवलं. गावात फ्लेक्स लागला. सरपंचांनी शाल घातली. मग ट्रॉफीच्या "हँडलिंग आणि कुरिअर"चे 3,200 मागितल्यावर नाही कसं म्हणणार? शाल तर घेऊन बसलो होतो.

ट्रॉफी आली. अॅक्रिलिकची, वितभर, खाली सोनेरी स्टिकरवर फिल्मचं नाव. स्टिकरचा एक कोपरा उचललेला होता. आजी खिडकीत बसून ती निरखत होती आणि तिच्या सवयीनं नखानं कोपरा खरवडत होती. स्टिकर सोलून हातात आलं आणि त्याच्या खाली दुसरं स्टिकर निघालं. त्यावर दुसऱ्याच फिल्मचं नाव. आजीला वाचता येत नाही. तिनं ते माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "हाई काय शे?"

ते नाव मी इन्स्टाग्रामवर शोधलं. धुळ्याचा मुलगा निघाला. त्यानं पांझरा नदीवर माहितीपट केला होता. त्यालाही त्याच महिन्यात "बेस्ट डेब्यू डायरेक्टर" मिळालं होतं, पण त्यानं कुरिअरचे पैसे दिले नाहीत, म्हणून त्याची ट्रॉफी आमच्याकडे आली. त्यानं स्वतःचा रिपोर्ट पाठवला. तीच तीन पानं, तेच "मनाला भिडतो", तेच पार्श्वसंगीत. नदीच्या माहितीपटाला सल्ला दिला होता, वडिलांच्या पात्राला अधिक वाव द्या. आम्ही दोघं फोनवर इतके हसलो की रडू आलं.

त्या रात्री सगळे कागद काढले. मेंटॉरनं दिलेल्या पावतीवर जीएसटी नंबर होता. तो 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. ह्याचा पत्ता अंधेरीचा आणि नंबर 09 नं सुरू होणारा, म्हणजे उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या सरकारी साइटवर कुठलाही नंबर टाकून तो कुणाच्या नावावर आहे ते फुकट बघता येतं. टाकला. असा नंबरच नाही म्हणून उत्तर आलं. दोन मिनिटांचं काम होतं, ते आम्ही सहा महिन्यांनी केलं. स्टेजवरच्या व्हिडिओतला कार्यक्रमही शोधला. माईक धरून तो बोलत नव्हता, प्रेक्षकांतून प्रश्न विचारत होता.

दरम्यान त्याचा शेवटचा प्रयत्न येऊन गेला होता. परदेशी फेस्टिव्हलला "सेन्सर सर्टिफिकेट" लागतं, ओळखीनं 12,000 त करून देतो. तेवढे पैसे नव्हते, म्हणून वाचलो. अक्कल आली म्हणून नाही. सेन्सर बोर्डाचं प्रमाणपत्र आपल्याकडच्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी असतं, 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. बाहेरच्या देशातल्या फेस्टिव्हलचा त्याच्याशी काय संबंध? आपल्या इथल्या फेस्टिव्हलांसाठी आयोजकच माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. आणि कधी लागलंच, तर अर्ज बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर आपला आपण करायचा असतो.

1930 वर फोन केला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार टाकता येते. पैसे गेल्या गेल्या फोन केला, तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची आशा असते. आम्हाला महिने झाले होते. तरी प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, दोन्ही रिपोर्ट आणि ट्रॉफीचा सोललेल्या स्टिकरसकट फोटो असं सगळं जोडलं. पोलिसांतल्या ज्या ताईंनी कागद बघितले, त्यांनी सरळ सांगितलं, "रिपोर्ट दिला ना त्यानं? मग तो म्हणेल, सेवा दिली, तुम्हाला आवडली नाही. तुमचा खरा पुरावा म्हणजे धुळ्याचा कागद. दोघांना एकच रिपोर्ट, खोटा जीएसटी नंबर, इथं 318 लागू शकतं." भारतीय न्याय संहितेचं 318, म्हणजे आधीचं 420. म्हणून ज्यांना कुणाला असा रिपोर्ट मिळाला असेल, त्यांनी तो लाजून डिलीट करू नये. आमचे 17,510 गेले ते गेले. तक्रारीचा नंबर आहे, अजून चौकशी चालू आहे.

फी घेऊन मत देणारे सगळेच चोर नसतात, हेही सांगायला हवं. चांगला एडिटर दोन तास देतो, त्यानं पैसे का घेऊ नयेत? फक्त आधी त्यानं काम केलेल्या दोन फिल्मांची नावं घ्यावीत, त्या फिल्मांची श्रेयनामावली थांबवून वाचावी आणि त्या पोरांना फोन करावा. आम्ही त्या मेंटॉरला "तुमची कुठली फिल्म?" हा प्रश्न सहा महिन्यांत एकदाही विचारला नाही. उद्धटपणा वाटला असता.

पुण्याचे एक संकलक पूर्वी आमच्याकडे दोन दिवसांच्या वर्कशॉपला आले होते. त्यांना मी मेल टाकला. ह्या वेळी "कशी वाटली" असं विचारलं नाही. तीनच प्रश्न लिहिले: कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, आवाज कुठे तुटतो. तीन आठवडे काहीच नाही. मग एका रात्री अकरा व्हॉइस नोट आल्या. "2 मिनिटं 10 सेकंद, जात्याचा आवाज कटवर तुटतोय, पुढच्या शॉटवर ओढून घ्या." "4:35, इथं आजींनी कॅमेऱ्याकडे बघितलंय, दिसलं नाही तुम्हाला?" खरंच दिसलं नव्हतं, शंभर वेळा बघून. आणि शेवटची, "6:42 ला त्या दाराकडे बघतात, तिथं तुमची फिल्म संपली. पुढे सव्वासात मिनिटं तुम्ही आम्हाला समजावत बसलाय." ती ऐकून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पैसे घेतले नाहीत त्यांनी.

त्यानंतर गावात मारुतीच्या पारावर शाळेचा प्रोजेक्टर आणून, पांढरी चादर ताणून दाखवली. फ्लेक्स लागला होता, निदान फिल्म तरी दाखवायला हवी होती. बायका आजीला बघून हसत होत्या, टाळ्याही पडल्या. संपल्यावर शेजारची म्हातारी उठून माझ्याकडे आली, चादरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "पन रोट कोनी खादा ते ते दखाडंच नही तुमी."

तेव्हापासून भांडण चालू आहे. संकलक म्हणतात अर्धी फिल्म कापा, म्हातारी म्हणते अजून दाखवा. साउंडवाला म्हातारीच्या बाजूनं आहे. लॅपटॉपवर दोन टाइमलाइन उघड्या आहेत, एक पावणेसात मिनिटांची आणि एक साडेपंधराची, आणि साडेपंधरावालीसाठी पुन्हा श्रावण यायची वाट बघावी लागणार आहे.