गप्प राहणारा अँटिव्हायरस : घरच्या पीसीवर विंडोज डिफेंडर, दीड वर्षानंतर

बाबांच्या पीसीवरचा विकतचा अँटिव्हायरस काढून विंडोजमध्ये आधीपासूनच असतो तो डिफेंडर नीट सेट करून दिला, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून काय पटलं, काय खटकलं आणि कुठल्या सेटिंग्ज हाताने चालू कराव्या लागतात ते एकदा सविस्तर लिहायचं होतं, कारण "घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटिव्हायरस टाकू" हे ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच आणि दरवेळी फोनवर अर्धवट सांगून होतं.

सुरुवात अशी झाली की बाबांचा फोन आला, "अगं स्क्रीनवर सारखं येतंय पाच व्हायरस सापडलेत म्हणून, लगेच क्लिक करा नाहीतर फोटो जातील, मी दोन तीनदा क्लिक केलं तरी जात नाहीये." जाऊन बघितलं तर खाली उजव्या कोपऱ्यात दोन प्रकारचे चौकोन येत होते. दोन्ही लाल, दोन्हीवर ढालीचं चित्र, दोन्हीत "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे". त्यातला एक खोटा होता, कुठल्यातरी साइटला बाबांनी कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिली होती तिच्याकडून येणारा, आणि दुसरा होता चक्क आपण पैसे भरून घेतलेल्या अँटिव्हायरसचा, त्याची मुदत संपली होती आणि रिन्यू करा म्हणून तो दर थोड्या वेळाने घाबरवत होता. (नाव घेत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाहीच.) बाबा म्हणाले, यातलं खरं कुठलं ते मला कसं कळणार? खरंच कसं कळणार! मलाही खोट्या चौकोनावर बारीक अक्षरात साइटचं नाव दिसलं म्हणून कळलं.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. घरातला अँटिव्हायरस गप्प असला पाहिजे. जो रोज आरडाओरडा करतो तो माणसाला घाबरून क्लिक करायची सवय लावतो, आणि नेमकी तीच सवय फसवणाऱ्यांना हवी असते. एरवी शांत असलेल्या मशीनवर अचानक काही ओरडायला लागलं की माणूस आपसूक थांबतो, काहीतरी गडबड आहे असं त्याला वाटतं. डिफेंडरचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच, त्याला आपल्याला काही विकायचं नसतं म्हणून तो बहुतेक वेळा गप्प बसतो, काही पकडलं की बोलतो.

त्या खोट्या चौकोनांचं आधी सांगते कारण हे फार घरांत होतं. स्कॅन करून काहीही सापडत नाही, सापडणार तरी काय, मशीनमध्ये व्हायरस नसतोच, ब्राउझरमध्ये एक परवानगी दिलेली असते बस. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट परमिशन्स, तिथे नोटिफिकेशन्स, अनोळखी साइटी दिसतील त्या काढून टाका आणि कुठल्याच साइटला परवानगी मागू देऊ नका असं निवडा. दोन मिनिटांचं काम आहे. बाबांच्या केसमध्ये क्लिक करून करून एक "पीसी क्लीनर" सुद्धा येऊन बसला होता आणि सर्च इंजिन बदललं होतं, ते काढायला मालवेअरबाइट्स नावाच्या स्कॅनरचं फुकटचं व्हर्जन वापरलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता डिफेंडर. याच्याबद्दल जुन्या लोकांच्या मनात जो राग आहे तो उगाच नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची कंपनी विकत घेतली, तिचं स्पायवेअर (गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम) काढायचं सॉफ्टवेअर होतं, त्याचाच पुढे डिफेंडर झाला, त्यामुळे विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये तो फक्त स्पायवेअर बघायचा, व्हायरससाठी वेगळं काहीतरी टाकावंच लागायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून तो पूर्ण अँटिव्हायरस झाला पण सुरुवातीची काही वर्षं टेस्टमध्ये त्याचे मार्क खरंच कमी असायचे. आता तसं राहिलेलं नाही. जर्मनीत एव्ही-टेस्ट म्हणून संस्था आहे, ती संरक्षण, वेग आणि वापरताना खोटे इशारे किती कमी या तीन गोष्टींना प्रत्येकी ६ असे १८ पैकी मार्क देते, आणि गेली काही वर्षं डिफेंडर तिथे १८ च्या आसपासच असतो, विकतच्यांच्या बरोबरीने. मग घरच्या पीसीसाठी वर्षाला पैसे कशाला भरायचे हे मला कळत नाही.

पण बॉक्समधून काढला आणि झालं असं नाहीये, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. चांगल्या चांगल्या गोष्टी आत कुठेतरी लपवलेल्या असतात आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची तर बंदच असते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, तिथे मॅनेज सेटिंग्ज. रिअल टाइम आणि क्लाउड दोन्ही चालू हवेत, क्लाउड तर नक्कीच, कारण नवीन आलेला व्हायरस तो बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारूनच ओळखतो, नेट बंद असलं की त्याची पकड थोडी ढिली पडते. त्याच पानावर टँपर प्रोटेक्शन आहे, ते चालू असलं की एखादा व्हायरस आत शिरून डिफेंडरलाच बंद करू शकत नाही. खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस सापडेल, हे मुळात बंद असतं, हे चालू केलं की डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्ससारख्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला काही लिहिता येत नाही, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्याला हात लावता येत नाही. याचा त्रास एवढाच की कधीकधी आपला साधा सरळ प्रोग्रामही अडकतो, फोटो एडिटरमध्ये सेव्हच होत नाही वगैरे, मग त्याला यादीत घालून परवानगी द्यावी लागते आणि ती यादी शोधायला चार क्लिक आत जावं लागतं. घरात फोटो असतील तर तेवढा त्रास घ्याच. अजून एक, ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये नको असलेली ॲप्स ब्लॉक करायचा पर्याय आहे, त्यातले दोन्ही टिक करा, ते पीसी क्लीनर आणि टूलबार प्रकार तिथेच अडतात.

आता गप्प असणाऱ्याची एक अडचण आहेच, तो जागा आहे की झोपलाय हे कळणार कसं? त्यासाठी आयकार नावाच्या संस्थेची टेस्ट फाइल असते. फक्त ६८ अक्षरं, काहीही नुकसान करत नाही, पण जगभरातल्या अँटिव्हायरसवाल्यांनी ठरवलंय की ही दिसली की व्हायरस समजून पकडायची. आयकारच्या साइटवरून ती डाउनलोड करून बघा, डिफेंडर जागा असेल तर फाइल सेव्ह होते न होते तोच उचलतो. बाबांसमोर करून दाखवलं तेव्हा त्यांना खरा इशारा कसा दिसतो ते पहिल्यांदा कळलं, आणि मला वाटतं त्या दिवशी केलेल्या सगळ्या कामात हेच सगळ्यात उपयोगी पडलं.

स्पीडचं विचारतात लोक. डिफेंडर जुन्या मशीनवर जाणवतो, विशेषतः हार्ड डिस्क फिरणारी असेल आणि एका वेळी खूप फाइली कॉपी करत असाल तर. टास्क मॅनेजरमध्ये अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचं जे काही प्रोसेसर खाताना दिसतं ते हेच, घाबरू नका. एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, असेल तर विषयच नाही.

मालवेअरबाइट्स मी कायम चालू ठेवत नाही. फुकटच्या व्हर्जनमध्ये आपण सांगू तेव्हाच स्कॅन होतो, आणि मला तेवढंच हवंय, शंका आली की दुसरं मत घ्यायचं. टाकल्यावर पहिले १४ दिवस प्रीमियमची ट्रायल सुरू होते, ती नको असेल तर सेटिंग्जमधून बंद करता येते. ॲडवेअर, म्हणजे नको त्या जाहिराती दाखवणारे प्रोग्राम, काढण्यात हा मला डिफेंडरपेक्षा सरस वाटला. पण दोन पूर्ण अँटिव्हायरस एकावर एक टाकू नका, दोघं एकमेकांच्या पायात येतात, आणि तसंही दुसरा टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. एकदम हट्टी काही बसलं असेल तर डिफेंडरमध्येच ऑफलाइन स्कॅन आहे, पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात, उघड्या फाइली सेव्ह करून मगच दाबा.

"मग दुसरा एखादा फुकटचा का नको" असंही विचारतात. फुकट देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात ते बघा एवढंच म्हणेन. अव्हास्ट या फुकटात मिळणाऱ्या अँटिव्हायरसचं प्रकरण २०२० मध्ये बाहेर आलं, लोक कुठल्या साइटी बघतात त्याची माहिती त्यांची जंपशॉट नावाची कंपनी विकत होती, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. स्पायवेअरपासून वाचायला जे टाकलं तेच बघत बसलं होतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. अर्थात मायक्रोसॉफ्ट पण विंडोजमधून बरीच माहिती घेतं, संशयास्पद फाइलींचे नमुने आपोआप पाठवायची सेटिंगही चालू असते, नको असेल तर बंद करा, पण निदान एका कंपनीच्या जागी दोन होत नाहीत.

आता जिथे डिफेंडर काय आणि विकतचा काय, दोघंही कमी पडू शकतात त्याबद्दल. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा गेमचे चीट डाउनलोड केले की सोबत सूचना असते, आधी अँटिव्हायरस बंद करा किंवा हे फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (तपासू नये अशा यादीत) टाका. हे लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा, कृपा करून! आपणच कुलूप काढून दिल्यावर कुलूप काय करणार. यातून जे येतं ते आजकाल स्क्रीनवर काही दाखवत पण नाही, गुपचूप ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलून निघून जातं, आणि कुकी हातात असली की ओटीपी न मागताच कधीकधी अकाउंट उघडतं. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा.

दुसरा प्रकार २०२४ पासून खूप पसरलाय. एखादी साइट म्हणते तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा, आणि चित्रं ओळखायच्या ऐवजी सांगते विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. तेवढ्या वेळात त्या पानाने आपल्या क्लिपबोर्डमध्ये एक कमांड टाकून ठेवलेली असते, आणि आपण आपल्या हाताने ती चालवतो. फाइल डाउनलोड केल्याचं कुठेच दिसत नाही. माणूस ओळखायची कुठलीही खरी तपासणी असली बटणं दाबायला सांगत नाही. घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना हे समोर बसून दाखवा, बाबांच्या कीबोर्डजवळ मी चिठ्ठीच लावून ठेवलीये.

फाइलींच्या नावाचं शेपूट (टिंबानंतरची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन) दिसेल असं फाइल एक्सप्लोररमध्ये करून ठेवा, तेही मुळात लपवलेलं असतं. २००० सालचा आयलव्हयू व्हायरस आठवत असेल काहींना, प्रेमपत्र म्हणून आलेली फाइल टेक्स्टची वाटायची आणि शेवटचं व्हीबीएस (ही चालणारी स्क्रिप्ट आहे हे सांगणारं शेपूट) दिसायचंच नाही, आजही बिलाच्या पीडीएफच्या नावाखाली एक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, पाठवतात तेव्हा युक्ती तीच असते. शंका असली तर व्हायरसटोटल या साइटवर फाइल टाकून बघा, एका वेळी साठ सत्तर इंजिन तपासतात, मात्र तिथे टाकलेली फाइल सिक्युरिटी कंपन्यांना मिळू शकते म्हणून स्वतःची खाजगी कागदपत्रं टाकू नका.

अपडेटचा कंटाळा करू नका हे सगळेच सांगतात, पण वॉनाक्राय या रॅन्समवेअरचं (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्याचं) उदाहरण मला कायम पटतं. १२ मे २०१७ ला तो जगभर पसरला, आणि तो ज्या भोकातून शिरला ते बुजवायचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी तो टाकला होता त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या वाटेने शिरताच आलं नाही. शिवाय फोटोंची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची, लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर सोडत नाही.

मार्क द्यायचे तर डिफेंडरला पाचपैकी चार. एक कापला तो बंद ठेवलेल्या सेटिंग्जसाठी, आणि मेन्यूंच्या त्या भुलभुलैयासाठी. आणि स्मार्टस्क्रीनची, म्हणजे धोकादायक साइटी ओळखणाऱ्या विंडोजच्या सोयीची, साइटींबद्दलची ताकीद मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच मिळते, क्रोम किंवा फायरफॉक्स वापरत असाल तर त्यांची स्वतःची सेफ ब्राउझिंग चालू आहे ना ते बघून घ्या.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवलं तर घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळतात, पण नोंदवावं लागतं, आपोआप होत नाही. डिफेंडर कितीही ताजा असला तरी खालचं विंडोज जुनं राहिलं तर भोकं तशीच राहतात. बाबांच्या पीसीला ११ चालत होतं, ते टाकून दिलं आणि मग सगळ्या सेटिंग्ज परत एकेक करून बघितल्या, नोटिफिकेशनच्या यादीसकट.