वाळवंटी मैदान: फोमच्या फळ्या की कॅनव्हासची चटई?

दुसऱ्या महायुद्धातील इजिप्त-लिबियाच्या पश्चिम वाळवंटातील १९४०-४३ च्या लढाया छोट्या सैनिक-रणगाड्यांच्या प्रतिकृतींनी खेळ म्हणून टेबलावर मांडायच्या ठरल्या, की मातीची घरे, खजुराची झाडे आणि काटेरी तारा यांचा विचार नंतर येतो. आधी सोडवावा लागतो तो जमिनीचा प्रश्न. एक्सपीएस फोमच्या (घट्ट, कापता-कोरता येणाऱ्या थर्माकोलसारख्या फोमच्या) दोन फुटी चौरस फळ्या करून सहा फूट बाय चार फुटांचे मैदान जुळवावे, की अखंड कॅनव्हासवर वाळूचा थर देऊन गुंडाळता येणारी चटई करावी? मी आधी फळ्या केल्या, त्यांवर दोनेक वर्षे खेळलो आणि मग चटईकडे वळलो. त्यामुळे पुढील मजकूर पूर्णपणे तटस्थ आहे, असा दावा करता येणार नाही.

फळ्यांच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे: त्यांत खाली कोरता येते. वाळवंटातील कोरडे ओढे, ज्यांना तिकडे वादी म्हणतात, ते जमिनीच्या पातळीखालीच असावे लागतात, तरच त्यात शिरलेला रणगाडा फक्त टरेट (तोफेचा फिरता बुरूज) वर ठेवून उभा आहे, हे पाहताक्षणी पटते. चटईवर वादी करायची म्हणजे दोन्ही काठ उंच करावे लागतात आणि कितीही निगुतीने केले तरी तिला कालव्याच्या भरावाची कळा येते. माझ्या दोन फळ्यांवरची वादी मला आजही आवडते. फळ्या वाकतात ही तक्रार मात्र फार मनावर घेऊ नये. पांढरा गोंद वाळताना आकसतो आणि कडा वर ओढतो. खालच्या बाजूलाही तसाच एक थर दिला, की ताण बराचसा सारखा होतो.

वाळूबाबत दोन्हींत फरक नाही. पंधरा मिलिमीटर उंचीच्या सैनिकांच्या मिनिएचरचे, म्हणजे छोट्या प्रतिकृतींचे, प्रमाण साधारण एकास शंभर धरले, तर एक मिलिमीटरचा दाणा हा प्रत्यक्षात दहा सेंटिमीटरचा दगड ठरतो. तो प्रदेश बराचसा खडकाळ असल्याने असे दगड तिथे शोभतात, पण सर्वत्र पसरले तर रणगाडे खडीच्या ढिगावर उभे असल्यासारखे वाटतात. म्हणून वाळू बारीक चाळणीतून दोनदा चाळावी आणि जाड दाणे मूठभरच, तेही ओढ्यांच्या तळाशी टाकावेत.

माझा कौल फिरला तो फळ्यांमधल्या सांध्यांमुळे. हिरव्या मैदानावर सांधा गवताच्या झुबक्यांनी किंवा कुंपणाने झाकता येतो. वाळवंटात झाकायला काही नसते आणि दिव्याचा प्रकाश थोडा तिरपा पडला, तरी ती काळी रेघ टेबलभर उठून दिसते. दिसण्याचे एक वेळ सोडून देता आले असते. आम्ही खेळत होतो त्या नियमांत मात्र गोळी झाडण्याची घोषणा करण्याआधी अंतर मोजायला मनाई होती आणि फळी बरोबर चोवीस इंचांची होती. तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत सर्वांच्या ते लक्षात आले. समोरचा खेळाडू अत्यंत सभ्यपणे, टेपला हातही न लावता, आपली रणगाडाविरोधी तोफ एका सांध्याला टेकवून ठेवी आणि माझे रणगाडे पुढच्या सांध्यावर येण्याची वाट पाही. यात नियमभंग काहीच नव्हता. पण खुणेची वस्तू नसलेल्या सपाटीवर अंतराचा अंदाज चुकणे, हाच तर वाळवंटी लढाईचा गाभा, आणि मी हौसेने केलेल्या मैदानाने प्रत्येकाच्या हाती फूटपट्टी दिली होती.

उपाय म्हणून सांध्यांत सुटी वाळू भरून पाहिली. त्या दिवशी रेघ बरीच पुसली गेली. पुढच्या वेळी फळ्या जुळवताना अडकलेल्या दाण्यांमुळे त्या एकमेकींना टेकेनात आणि फट पूर्वीपेक्षा रुंद झाली. ब्रशने कडा झाडताना एक कोपरा खरचटला, आतला निळा फोम बाहेर डोकावू लागला, आणि सहारात निळा ठिपका लपवणे किती कठीण असते, तेही कळले.

चटईला सांधा नाही, एवढ्या एका गुणासाठी मी तिचे बरेच दोष पोटात घालतो. ॲक्रिलिक सीलंट (फटी बुजवायचा लवचीक मसाला), चाळलेली वाळू आणि तपकिरी रंग एकत्र कालवून लांबी (पुट्टी) भरण्याच्या पत्र्याने कॅनव्हासवर पातळ ओढायचे. सिलिकॉनचा सीलंट घेऊ नये, त्यावर रंग धरत नाही. थर वाळल्यावर पिवळसर मातकट आणि शेवटी फिक्कट साईच्या रंगाचा कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून घेतलेला) फिरवला, की काम झाले. थर जाड झाला तर गुंडाळताना तडकतो. माझ्या चटईचा एक कोपरा असाच तडकला आहे. पाहुणे त्याला सुकलेल्या चिखलाचे उत्तम काम समजतात आणि मी ती समजूत दूर करत नाही. गुंडाळताना वाळूची बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे पुन्हा पसरल्यावर कोपरे वर न उचलता टेबलाकडे वळतात.

उंचवटे चटईखाली सरकवता येतात, हा फायदा मला नंतर उमगला. इजिप्तमधील अल अलामीनजवळच्या रुवैसातसारख्या अगदी ठेंगण्या, लांबट टेकाडासाठी १९४२ मध्ये किती झुंज झाली, हे माहीत असेल, तर फोमचे दोन पातळ थर पुरतात. वरचा ताठर कॅनव्हास स्वतःच सौम्य उतार धरतो आणि त्यावर मिनिएचर घसरत नाहीत. उभे कडे हवे असतील तर ते मात्र वेगळे करून वर ठेवावे लागतात.

तुमच्या खेळात आधी मोजण्याची मुभा असेल, किंवा अठ्ठावीस मिलिमीटरच्या मोठ्या मिनिएचरच्या चकमकी दाट वस्तीत होत असतील, तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही आणि कोरीव वादीचे पारडे जड ठरू शकेल. उघड्या सपाटीवर लांब पल्ल्याच्या तोफा खेळवणाऱ्याला मात्र मी चटईच सुचवेन. कॅनव्हास तेवढा चारही बाजूंनी वीतभर जास्त घ्यावा आणि थर देण्याआधी प्लायवूडवर ताणून स्टेपल करावा. ओलाव्याने तो आकसतो, आणि माझी पहिली चटई टेबलाच्या कडेला पोहोचलीच नव्हती.