5 एचपी सौर कृषिपंप: खरीप, रब्बी, उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

अर्ज मंजूर झालेले लोक सारखं विचारतात की पंप घेऊ का नको, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझा 5 एचपी सबमर्सिबल, विहिरीवर बसवलाय, 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतला. म्हणजे आपला हिस्सा 10 टक्के, एससी-एसटीला 5, बाकी सरकारी अनुदान. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्याच्या वर साडेसात असा हिशोब आहे. मराठवाडा, सोयाबीन-तूर, मागून हरभरा आणि थोडा कांदा.

पहिलं म्हणजे रात्रीची दारं धरणं (पिकाला पाणी देणं) बंद झालं, आणि बाकी काहीच नसतं झालं तरी एवढ्यासाठी मी घेतला असता. ज्यांनी लाईटची पाळी बघितलीय त्यांना सांगायची गरज नाही, दिवसा आठ तास नाहीतर रात्री, त्यात फेज गेला, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, थंडीत बॅटरी घेऊन सापाकिरड्यातून फिरायचं. आता सूर्य वर आला की मोटर आपोआप चालू, दहा ते तीन फुल पाणी, चारनंतर धार बारीक होत जाते. हरभऱ्याला दिवसा पाणी देताना वाफ्यात पाणी कुठपर्यंत गेलं ते दिसतं, त्यामुळं जास्तीचं पाणी पण कमी जातं.

खरी गोम पावसाळ्यात आहे आणि ती कुणी सांगत नाही. पावसाचा खंड पडतो, सोयाबीन शेंगा भरायला लागलंय, पाणी आत्ता पाहिजे, आणि आभाळ मात्र भरलेलं, पडत नाही आणि उघडत पण नाही. मग पंप निम्म्यानं चालतो, प्रेशर वरखाली होतं, तुषारचे नोझल फिरत नाहीत, ठिबकच्या शेवटच्या टोकाला थेंब पडत नाही. म्हणजे हवामान बदलासाठी म्हणून दिलेलं यंत्र नेमकं हवामान बिघडलं की लंगडं पडतं. यावर इलाज एवढाच, रानाचे छोटे छोटे भाग करून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह टाकायचा आणि तुषार चालवताना नोझल कमी ठेवायचे. शेततळं असेल तर प्रश्नच नाही, ऊन असेल तेव्हा भरून ठेवायचं.

उन्हाळ्यात पण लोकांचा गैरसमज असतो की ऊन जास्त म्हणजे पाणी जास्त. पॅनलवर लिहिलेले वॅट पॅनलच्या 25 अंश तापमानाला मोजलेले असतात, त्याच्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के ताकद जाते. एप्रिल-मेच्या दुपारी पॅनल साठच्या पुढं तापतात, म्हणजे दहा-बारा टक्के तिथंच गेले, त्यात विहिरीची पातळी खाली गेलेली म्हणून हेड, म्हणजे पाणी वर चढवायची उंची, वाढलेला. धूळ बसली की आणखी कमी. पॅनल सकाळी थंड असताना धुवायचे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

सर्व्हिस बद्दल थोडक्यात, कंपनीचं नाव घेत नाही. ऐन रब्बीत कंट्रोलर (पॅनलच्या विजेवर मोटर चालवणारा डबा) गेला, टोल फ्रीवर तक्रार टाकली, मेसेज लगेच आला आणि माणूस मात्र हरभरा सुकायला लागल्यावर आला. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा कंपनीकडंच आहे, पण त्याचे कागद बसवतानाच मागून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.

आता पैशाचं. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला बिल माफ आहे, मार्च 2029 पर्यंत. म्हणजे शेजाऱ्याचं बिल शून्य आणि माझं पण शून्य, मग सौरचा फायदा फक्त दिवसाच्या पाण्याचा राहिला. आणि सौर कृषी वाहिनी 2.0 मधून आख्खे फिडरच (शेतीला वीज देणाऱ्या लाईनी) सौरवर न्यायचं काम चालू आहे, 16 हजार मेगावॅटचं, तसं झालं की शेजाऱ्याला पण दिवसा लाईट, आणि वर आभाळ आलं तर ग्रीड, म्हणजे वीज कंपनीची नेहमीची लाईन, आहेच. पेड पेंडिंगवाल्यांना, म्हणजे पैसे भरून वीज कनेक्शनची वाट बघणाऱ्यांना, तर चॉईसच नव्हता, नवीन कनेक्शनऐवजी हेच घ्या म्हणले.

देशाच्या विजेतला साधारण सहावा हिस्सा शेतीला जातो आणि वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाचीच आहे, त्यामुळं पंप सौरवर नेणं बरोबरच. पण पाण्याचं काय? माझ्याकडं ऊन फुकट, शेजाऱ्याकडं लाईट फुकट, मोटर बंद करायला कुणाला काही कारणच उरलं नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात अधिसूचित भागात 60 मीटरच्या खाली विहीर-बोअर घ्यायला बंदी आहे, आणि बोअर मारायच्या गाड्या रात्रभर कुठपर्यंत खाली जातात ते गावात सगळ्यांना माहितीय. माझ्या कंट्रोलरमध्ये सिम आहे, पंप किती तास चालला हे वर ऑफिसात दिसतं, त्या आकड्याचा पाण्यासाठी उपयोग केल्याचं कधी दिसलं नाही.

दुसरीकडं तूर काढली की पॅनल नुसते उन्हात उभे. 5 एचपीला साधारण 4,800 वॅटचे पॅनल असतात, चांगल्या उन्हात दिवसाला वीसेक युनिट सहज होतील, ती सगळी वाया, कारण हा पंप ग्रीडला जोडलेलाच नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी 2016 मध्येच सौर पंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. तिथं उपसा कमी केला तर हातात पैसे येतात. केंद्राची सौर पंपांची योजना पीएम-कुसुम 2019 ला आली, तिच्या 'क' घटकात ग्रीडवरच्या पंपाला ही सोय धरली होती, पण आपल्याकडं वाटप झालं ते बहुतेक सुट्ट्या, म्हणजे ग्रीडला न जोडलेल्या पंपांचं. मला विचाराल तर पॉलिसीतली सगळ्यात मोठी चूक हीच.

तर, कनेक्शनच नसेल आणि विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकत असेल तर डोळे झाकून घ्या. कनेक्शन आहे आणि तुमचा फिडर सौर वाहिनीच्या यादीत असेल तर थांबा, आधी लाईनमनला विचारा. बोअर खोल असेल तर एचपी सोडा, तेवढ्या हेडला दिवसाला किती लिटर पाणी येईल ते कंपनीकडून लिहून घ्या, आणि सहा इंची बोअर असेल तर मोटर त्यात बसते का ते पण.