परिवेश पोर्टल: खानापूरच्या रानातली लाईन शोधायची तर

पर्यावरण, वन आणि वन्यजीव मंजुऱ्यांचं केंद्राचं परिवेश पोर्टल 2018 पासून सुरू आहे. बेळगाव, खानापूर भागात वीजप्रकल्प आला की लोक आधी तिथं 'पर्यावरण मंजुरी' शोधतात. काही सापडत नाही, म्हणून प्रकल्प बेकायदा ठरवून मोकळे होतात. इथंच फसगत होते.

पर्यावरण मंजुरी कुठल्या प्रकल्पांना लागते ते 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत आहे. त्या यादीत पारेषण वाहिन्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब लाईनी नाहीत, पवनचक्क्या नाहीत. सौर प्रकल्पांनाही सूट आहे. जलविद्युत 25 मेगावॅटपासून पुढे यादीत येते. यादीबाहेरच्या कामाला ईआयए अहवाल नाही, जनसुनावणीही नाही. प्रकल्प सरकारी असो वा खासगी, नियम तोच.

पण वनजमीन लागली की 1980 च्या वन कायद्याची परवानगी चुकत नाही. म्हणून शोध 'वन मंजुरी'त, राज्य कर्नाटक निवडून घ्या. जुने प्रस्ताव क्रमांक एफपी/केए/ट्रान्स असे सुरू होतात. 'ट्रान्स' म्हणजे पारेषण. प्रस्तावातली केएमएल, म्हणजे नकाशाची फाईल उतरवून गूगल अर्थमध्ये उघडा. लाईन कुठल्या गावाच्या कुठल्या रानातून जाते ते डोळ्यांसमोर येतं. पोर्टलचं खरं मोल या एका फाईलमध्ये आहे. मग अर्जाचा भाग-2 वाचा, झाडांची मोजणी तिथं असते. भीमगड अभयारण्याची हद्द शिवत असेल तर वन्यजीव मंजुरी वेगळी बघायची.

खटकतं ते भाषेचं. ज्याच्या शेतात मनोरा उभा राहणार त्याला इंग्रजी अर्ज काय कळणार? कन्नड-मराठीत निदान गोषवारा तरी हवाच. पाचपैकी तीन तारे.